वर्नाचं उट्टं

माझी बायको वर्ना मनात काही ठेवत नाही, असं आमच्या नॉर्थ हॅलम गावात सगळे म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातंय? तिच्यासमोर रोज जेवायला मी बसतो. रोलंड पिंकहॅम हे नाव निघालं की ती उकडलेल्या बटाट्यात काटा असा खुपसते की मला बटाट्याची कीव येते.

आणि खरं सांगायचं तर तिच्याहून माझाच जास्त जळफळाट व्हायचा. मी आयुष्यभर गावच्या रस्त्यांवरचा बर्फ ढकलला. त्या कामात कुणी तुमची टर उडवली, तर त्याच्या गॅरेजच्या दारासमोर बर्फाचा ढीग लावून मोकळं होता येतं. वर्नाला ती सोय नव्हती.

ती शहरात एका विमा कंपनीत कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायची. शहाऐंशी सालच्या एका मीटिंगमध्ये ती उठली आणि म्हणाली, आपण सगळीकडे सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहितोय. दोन हजार साल उजाडलं की यंत्राला दिसणार शून्य-शून्य, आणि ते समजणार एकोणीसशे साल आहे. मग कुणाचा विमा संपला म्हणेल, तर कुणाचा अजून जन्मच झाला नाही म्हणेल. पिंकहॅम तिचा साहेब. त्यानं यावर एक विनोद केला आणि खोलीभर माणसं हसली. त्या दिवसापासून ऑफिसात तिचं नाव पडलं प्रलयमावशी. पुढे माणसं कमी करायची वेळ आली तेव्हा पहिली गेली ती प्रलयमावशी.

हे सगळं ती गिळून बसली होती. मग नव्व्याण्णव साल आलं. जिकडेतिकडे त्या दोन आकड्यांची बोंब उठली, लोक तळघरात डबाबंद घेवडा आणि मेणबत्त्या साठवायला लागले, आणि एका सकाळी पेपरात पिंकहॅमचा फोटो आला. आता त्याची स्वतःची कंपनी होती. गावोगाव फिरायचं, कॉम्प्युटर दोन हजार सालासाठी तयार करून द्यायचे, वर प्रमाणपत्र द्यायचं. खाली त्याची मुलाखत होती. 'शहाऐंशी साली एका मीटिंगमध्ये मी उठून इशारा दिला होता,' असं तो सांगत होता. 'तेव्हा सगळे मला हसले.'

वर्नानं ते वाक्य मला दोनदा वाचून दाखवलं.

"आयत्या बिळावर नागोबा!" मी म्हणालो.

"बिळाचं सोड रे," ती म्हणाली. "त्यानं माझं हसं झालं ना, तेसुद्धा चोरलं."

मला तेव्हा जे वाटलं ते सभ्य घरात लिहिण्यासारखं नाही. लोक कल्पना चोरतात, श्रेय चोरतात, हे ऐकलं होतं. पण ज्या अपमानानं माझी बायको कित्येक रात्री छताकडे बघत पडून राहिली, तोच अपमान हा गडी छातीवर बिल्ल्यासारखा लावून फिरत होता. तिला आता एकच गोष्ट हवी होती. चारचौघांत कुणीतरी म्हणावं, की हे आधी वर्ना बोलली होती. बस.

त्यातच आमच्या पंचमंडळानं मार्चच्या गावसभेपुढे ठराव ठेवला: गावाचे कॉम्प्युटर तयार करण्याचं काम पिंकहॅमच्या कंपनीला द्यावं काय?

वर्ना पंचांचा मुख्य नॉर्मन याच्याकडे गेली आणि म्हणाली, हे काम मी करते, फुकट करते. नॉर्मन हा दुधाचा टँकर चालवून मोठा झालेला माणूस. मनानं वाईट नाही, पण छापील कागद पाहिला की विरघळतो.

"वर्ना, तू हुशार आहेस, कोण नाही म्हणतंय?" तो म्हणाला. "पण उद्या काही बिनसलं तर लोक मला धरणार. कंपनीचं प्रमाणपत्र पाहिजे बाई. घरबसल्या करायचं काम आहे का हे?"

ती घरी आली आणि तिनं कोट खुंटीला न लावता खुर्चीवर फेकला.

"खरंच बिघडणार का गं आपली यंत्रं?" मी विचारलं.

"गावकचेरीतलं वेड्यासारखं वागणार. रुग्णवाहिकेच्या पथकाचं तर ठार बंद पडणार. फोन कुठल्या घरून आला, ड्यूटीवर कोण आहे, काही सांगणार नाही."

"मग पिंकहॅम खरं बोलतोय तर."

"माझंच बोलतोय. खरंच असणार."

आमच्या गावसभेत बाहेरच्या माणसाला आपणहून बोलता येत नाही. सभेनं परवानगी दिली तरच तोंड उघडायचं. कुणी एकानं हरकत घेतली तर मतदान होतं, आणि आमच्या लोकांना परक्याला गप्प बसवायला फारसं निमित्त लागत नाही. मी वर्नाला म्हणालो, तू हरकत घे, मी दुजोरा देतो, तो आला तसा परत जाईल.

"नाही," ती म्हणाली. "बोलू दे त्याला. माझ्या गावात, माझ्या तोंडासमोर, ती गोष्ट त्यानं सांगायला हवी."

मार्चचा पहिला मंगळवार. शाळेच्या व्यायामशाळेत घडीच्या खुर्च्या मांडलेल्या, सगळ्यांच्या बुटांना चिखल, बायकांच्या मांडीवर विणकाम. मेपलच्या झाडांतून पाकासाठीचा रस वाहायला लागला होता, म्हणून अर्धे पुरुष दर थोड्या वेळानं खिडकीबाहेर बघत होते. सभापती हायरम गोव्ह. कुणीही बोलायचं ते हायरमकडे बघून, एकमेकांकडे बघून नाही, हा आमचा कायदा. हायरम तो सख्ख्या भावालाही मोडू देत नाही.

पिंकहॅमला परवानगी मिळाली. वर्नानंच पहिला हात वर केला. तो उठला, कोटाची बटणं लावली, आणि हायरमकडे पाठ करून आम्हा सगळ्यांना हसून म्हणाला, "मित्रहो!"

"इकडे बघून बोला," हायरम म्हणाला.

लोक खुसखुसले. पण पिंकहॅम बोलायला पक्का. यंत्र काय करेल, पाण्याच्या पंपाचं काय, करांच्या बिलांचं काय, सगळं त्यानं सोपं करून सांगितलं. मग एक शेतकरी उठला.

"सभापती महाराज, माझ्या गाई साल विचारत नाहीत. पहाटे दूध काढलं नाही तर हंबरतात. त्यांचं प्रमाणपत्र कोण देणार?"

हशा पिकला. दुसरा म्हणाला, यंत्र बंद पडलं तर पडू दे, करांची बिलं तरी यायची नाहीत. तिसरीनं विचारलं, शेजारच्या गावानं काय केलं? नॉर्मननं सांगितलं, त्यांनी काम देऊन टाकलं. "मग आपण कशाला द्यायचं?" कुणीतरी मागून ओरडलं. वाद चांगलाच तापला. अर्धे म्हणत होते हे सगळं विकणाऱ्यांचं थोतांड, अर्धे म्हणत होते विषाची परीक्षा कशाला. पिंकहॅमनं ओळखलं, आता आपला हुकमी पत्ता काढायला हवा.

"तुम्ही हसताय, हसा," तो म्हणाला. "मला सवय आहे. शहाऐंशी साली मी भर मीटिंगमध्ये उठून हेच सांगितलं होतं. माझा साहेब काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, दोन हजार साल येईल तेव्हा तू खुर्चीत झुलत नातवंडांचे मोजे विणत असशील!"

सगळे हसले. तो थांबला, त्याला पुढचं वाक्य टाकायचं होतं. पण वर्ना उभी राहिली होती.

"सभापती महाराज, पाहुण्यांना विणता येतं का, हे विचारायचंय."

हायरमनं भुवया वर केल्या. "विणता येतं का?"

"मला? नाही," पिंकहॅम हसत म्हणाला.

"तेव्हा त्यांचं वय काय असेल? चाळीस? चाळिशीच्या धडधाकट पुरुषाला कुठला साहेब म्हणेल, तू मोजे विणत बसशील?"

हॉलमधल्या सुया थांबल्या. आमच्या बायकांना या गोष्टी कुणी समजावून सांगाव्या लागत नाहीत.

"विनोद होता तो," पिंकहॅम म्हणाला.

"विनोदच होता," वर्ना म्हणाली. तिचा आवाज जराही हलला नाही. "तुम्हीच केला होतात. समोर उभी होते ती मी. पर्समध्ये माझ्या बहिणीच्या बाळाचे अर्धवट विणलेले मोजे होते, ते तुम्ही वर धरून सगळ्यांना दाखवलेत. आठवतंय का, पिंकहॅमसाहेब? मी वर्ना."

आता त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. त्याचा चेहरा उतरताना मी पाहिला, आणि सांगतो, मेपलच्या पहिल्या पाकालाही तशी गोडी नसते. मागच्या रांगेतून एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "चोर मेला!" हायरमनं तिला इकडे बघून बोल म्हणूनही सांगितलं नाही.

वर्ना तेवढ्यावर बसली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण पिंकहॅम काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्यानं रुमालानं ओठ पुसले आणि हात जोडल्यासारखे केले.

"बरोबर आहे. सभापती महाराज, या बाईच पहिल्या बोलल्या होत्या, माझं चुकलं. पण मग उत्तम झालं! यांच्याहून जाणकार कोण? यांनाच विचारा. या गावाची यंत्रं तयार आहेत का?"

सगळ्यांचे डोळे वर्नावर. नॉर्मन पेन उघडून बसला होता. ती नाही म्हणाली की ठराव मंजूर, काम पिंकहॅमला, आणि तो तिच्याच तोंडानं जिंकून हसत गाडीत बसणार. मी तिचा कोट मागून ओढला आणि दातओठ खात पुटपुटलो, "त्याला काही मिळू देऊ नको."

"तयार आहेत," वर्ना म्हणाली. "साफ तयार आहेत. मी पाहिलीत. एक कवडी खर्च करायची गरज नाही. हे सगळं थोतांड आहे."

पिंकहॅमचं तोंड उघडंच राहिलं. त्याला ठाऊक होतं ती खोटं बोलतेय, आणि ते म्हणायला त्याला आता जागाच उरली नव्हती. खोटं बोलणाऱ्याचं कोण ऐकणार? मी मनातल्या मनात टाळ्या पिटल्या.

तेवढ्यात कॉरीन टेट्रो उठली. ही आमच्या रुग्णवाहिकेच्या पथकाची प्रमुख. दिवसा लाकडाच्या गिरणीत काम करते आणि फोन आला की हातातलं टाकून धावते. भाषण करणं तिला कधी जमलं नाही. दोन्ही हातांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरून ती म्हणाली,

"सभापती महाराज, वर्नाला माझ्याहून जास्त कळतं. पण मी आमच्या कॉम्प्युटरवर तारीख पुढची घालून बघितली. तो बंदच पडला. उठेचना. मला वाटतं... म्हणजे बाहेर कुणी मरत असेल आणि आम्हाला घरच कळलं नाही, तर..."

वर्नानं माझ्याकडे पाहिलं. मग हायरमकडे पाहून ती म्हणाली, "सभापती महाराज, कॉरीननं गेल्या महिन्यात त्या कॉम्प्युटरवर अख्खा कपभर कॉफी ओतली होती. तो दोन हजार साल बघून बंद पडत नाही हो. तो कॉरीनला बघून बंद पडतो."

छप्पर उडेल इतका हशा झाला. गाईवाला शेतकरी मांडीवर थापा मारत होता. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. कॉरीन लाल झाली, कानाच्या पाळ्यांपर्यंत. ती काहीतरी म्हणाली ते कुणालाच ऐकू गेलं नाही. मग ती खाली बसली.

ठराव पडला. 'नाही' असा एकच गजर झाला. पिंकहॅम सभेनंतरच्या गावजेवणालाही थांबला नाही. त्याची गाडी आवाराच्या चिखलात रुतली, आणि ती ढकलायला आमच्या गावातला एक माणूस बाहेर गेला नाही. इथे असं कधी होत नाही. मी खिडकीशी उभा राहून कॉफी पीत ते सगळं बघितलं.

जेवणाच्या रांगेत घेवड्याच्या भांड्यामागे डाव घेऊन कॉरीन उभी होती. तिनं वर्नाच्या ताटात वाढलं.

"तो हसला तेव्हा तुला कसं वाटलं होतं गं?" तिनं विचारलं. वर्ना ताट घेऊन पुढे सरकली. मागची रांग खोळंबली होती.

घरी आल्यावर मी म्हणालो, "उट्टं काढलंस! नाक कापलंस त्याचं!"

"हो," ती म्हणाली. "आता ती यंत्रं तयार करायला हवीत."

मग तिनं केलं ते असं. गावकचेरीतल्या जुन्या नोंदी लावून देते म्हणून ती तिथे जाऊन बसायला लागली. कुणालाही संशय आला नाही. रिकामटेकडी बाई, बरं झालं हाताला काम मिळालं, असं नॉर्मन म्हणाला. ती पडद्यासमोर बसून एकेक ओळ तपासायची, दोन आकड्यांचे चार करायची. संध्याकाळी मी तिला आणायला जायचो तेव्हा डोळे असे लाल की वाटावं रडली आहे. रडली नव्हती. उन्हाळा गेला, आम्ही तळ्यावर एकदाही गेलो नाही. मक्याची कणसं खायला बहिणीकडे जातो, तेही नाही. दुकानात लोक तिला थांबवून म्हणायचे, "वर्ना, तू होतीस म्हणून त्या लुच्च्यापासून वाचलो. थोतांड होतं सगळं!" आणि ती मान डोलवायची.

पानगळीच्या दिवसांत राहिला फक्त पथकाचा कॉम्प्युटर. त्याची किल्ली कॉरीनकडे. वर्ना तिच्याकडे गेली तेव्हा मी बरोबर होतो. कॉरीननं काही न विचारता दार उघडलं आणि वर्नाचं काम संपेपर्यंत भिंतीला टेकून उभी राहिली. शेवटी वर्नानं तारीख पुढे नेली. दोन हजार साल. पडदा जिवंत राहिला.

"कॉफीचा दोष नव्हता तर," कॉरीन म्हणाली.

"नव्हता," वर्ना म्हणाली. "कॉरीन, मी त्या दिवशी..."

"मला गिरणीत परत जायचंय," कॉरीन म्हणाली आणि तिनं दिवा बंद केला.

नवं साल आलं. दिवे गेले नाहीत, पाणी आलं, करांची बिलंसुद्धा आली. दुसऱ्याच आठवड्यात पथकानं डोंगरावरच्या एका म्हाताऱ्याला वेळेत गाठलं. घर बरोबर सापडलं. कुणी त्याचा विचारही केला नाही. कशाला करतील? नॉर्मन नाश्त्याच्या खानावळीत मोठमोठ्यानं सांगत होता, "बघा, काही झालं का? आमची वर्ना पहिल्यापासून म्हणत होती, सगळा बोगस कारभार!"

पहिल्यापासून! हे ऐकून ती कॉफीचा कप तसाच ठेवून बाहेर जाऊन गाडीत बसली.

"मी पहिल्यापासून उलटं म्हणत होते रे," ती म्हणाली. "मीच तर म्हणत होते."

"मग सांग ना सगळ्यांना."

"सभेत सांगते," ती म्हणाली.

यंदाच्या मार्चमध्ये नॉर्मननं ठराव आणला: गाव वर्नाचं आभारी आहे, कारण सगळं जग दोन हजार सालाच्या भीतीनं वेडं झालं असताना तिनं गावाला शहाणपणा शिकवला. हायरमनं विचारलं, कुणाला काही बोलायचंय?

वर्ना उठली. तिनं कागदबिगद आणला नव्हता.

"सभापती महाराज, हा ठराव मला नको. मी खोटं बोलले होते. यंत्रं तयार नव्हती. एकही नव्हती. ती बिघडणार हे मी शहाऐंशी सालापासून सांगतेय. मी महिनोन्महिने कचेरीत बसून ती दुरुस्त केली, म्हणून काही झालं नाही."

सगळे हसले. वाईट हसू नव्हतं ते, मायेचंच होतं. त्यामुळे जास्त लागलं.

"वर्ना, किती गं विनय!" कुणीतरी म्हणालं. "आता प्रमाणपत्र पण देणार काय?" दुसरा ओरडला. नॉर्मन डोळे पुसत होता.

मी उठलो. "सभापती महाराज, ती खरं बोलतेय. मी रोज तिला आणायला जात होतो."

"ल्युसियन, बस खाली," हायरम म्हणाला. "तुला घरी जेवायचंय हे सभेला समजतं."

पुन्हा हशा.

"कॉरीनला विचारा," वर्ना म्हणाली. "पथकाचा कॉम्प्युटर तिच्यासमोर दुरुस्त केलाय. तिला माहीत आहे."

हायरम वळला. "कॉरीन?"

कॉरीन सावकाश उठली. या वेळी तिनं पुढच्या खुर्चीला धरलं नाही. वर्ना तिच्याकडे जशी बघत होती, तसं तिनं माझ्याकडे कधी काही मागताना बघितलं नाही. मला वाटलं, आता कॉरीन बोलेल, आणि संपेल एकदाचं.

"सभापती महाराज," कॉरीन म्हणाली, "गेल्या वर्षी वर्नानं याच हॉलमध्ये सांगितलं होतं, सगळं साफ तयार आहे. मग ती दुरुस्त काय करणार? मी काही पाहिलं नाही."

ती बसली. हॉल हसत होता, टाळ्या वाजवत होता. हायरमनं मत घेतलं. सगळे 'हो' म्हणाले. विरोधात कोण, असं त्यानं विचारलं तेव्हा वर्ना उभीच होती, पण तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. मी तिच्या कोटाला धरून तिला खाली बसवलं.